प्रोटीनमधली डावी चप्पल

आमच्या प्रयोगशाळेत प्रोटीनचं दर्शन घ्यायची पद्धत होती. दर्शन हा शब्द माझा नाही, सरांचा. प्रोटीनचे अणू कुठे आहेत त्याचा नकाशा तयार झाला की सर सगळ्यांना कॉम्प्युटरच्या खोलीत बोलवायचे. चपला दाराबाहेर काढायच्या, कारण एक्स-रे यंत्राला धूळ चालत नाही. यंत्र दोन खोल्या पलीकडे होतं, पण चपला इथेच निघायच्या. मग दिवे घालवायचे, थ्रीडीचे काळे गॉगल लावायचे, आणि पडद्यावर निळ्या जाळीचा एक गुंता गरगर फिरायला लागायचा. सर लेसरचा लाल ठिपका त्या गुंत्याच्या एका कोपऱ्यात नेऊन तेलुगूत विचारायचे, "कनिपिस्तोंदा?" म्हणजे, दिसतंय का? आम्ही माना हलवायचो. मान न हलवता कुणी त्या खोलीबाहेर पडल्याचं मला आठवत नाही.

त्या दिवशी तो लाल ठिपका जिथे थांबला होता, तिथे औषधाचा एक रेणू असायला हवा होता. प्रोटीन एका जंतूचं, औषध आमच्याच संस्थेत वरच्या मजल्यावर तयार झालेलं. ते औषध त्या प्रोटीनच्या खोबणीत जाऊन बसतं हे दाखवणं म्हणजे माझी पीएच.डी. क्रिस्टल मी वाढवले होते, ते औषधाच्या पाण्यात मी बुडवले होते, एक्स-रे मी मारले होते. आणि खोबणीत मला काही दिसत नव्हतं.

"नाही दिसत, सर."

"पातळी खाली आण."

नकाशाला पातळी असते. ती वर ठेवली तर खात्रीचं तेवढंच जाळीत दिसतं. खाली आणत गेलं की तळाचा गाळही वर यायला लागतो. मी पातळी खाली आणली. खोबणीत निळ्या जाळीचे काही तुकडे उगवले.

"अजून."

तुकडे एकमेकांना जोडले गेले. एव्हाना सगळा पडदाच निळा झाला होता. प्रोटीनच्या बाहेर, जिथे नुसतं पाणी असतं, तिथेही ढग तरंगत होते. त्यातला एक हुबेहूब हत्तीसारखा होता.

"आता? ही बघ अम्मा, कडी. ही शेपूट. दिसतंय?" सर सगळ्या मुलींना अम्मा म्हणायचे.

माझ्या शेजारी माझा प्रयोगशाळेतला जोडीदार बसला होता. तोही माझ्यासारखाच विद्यार्थी, जुन्या शहरातला, एक्स-रे यंत्राची देखभाल त्याच्याकडे होती. त्याने अंधारात माझ्या पायावर पाय दिला.

"हौ बोल दो ना," तो त्याच्या दख्खनीत पुटपुटला. "भूक लगरी."

"सर, मला हत्तीसुद्धा दिसतोय," मी म्हणाले.

दिवे लागले. बाकीचे माना हलवून जेवायला गेले. मला सरांनी त्यांच्या खोलीत बोलावलं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते. सर खोटारडे नव्हते. कुणी म्हणालं तर मी आजही भांडेन. त्यांना ते औषध खरोखर दिसत होतं. त्यांनी स्वतः माऊस धरला, औषधाचं मॉडेल त्या निळ्या तुकड्यांमध्ये ठेवलं, त्यासकट पुन्हा सगळं गणित केलं, आणि नवा नकाशा आला तेव्हा औषध चांगलं ठसठशीत दिसायला लागलं. कडी, शेपूट, सगळं.

"बघ," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतका निखळ आनंद होता की मला राग धरणंही कठीण गेलं.

"सर, आपण ते आत ठेवलं म्हणून ते दिसतंय."

"ठेवलं तेव्हा बसलं ना? नसतं तर बसलं असतं?"

"नकाशा वजनं लावून काढायला हवा."

"वजनं लावली की नकाशा फिका पडतो," सर म्हणाले, वरणात मीठ कमी पडलं अशा सुरात. मग खुर्चीत मागे रेलले. "ऐक. पुढच्या आठवड्यात समिती बसणार. तुझं काम बघणार आणि तुझी नोंदणी पुढे चालू ठेवायची की रद्द करायची ते ठरवणार. तू काय दाखवणार? रिकामी खोबणी? रिकाम्या खोबणीवर कुणी डॉक्टर होत नाही. औषध दाखव. मी सही करतो. पुढे जा."

म्हणजे एक तर औषध आहे म्हणायचं आणि राहायचं, नाही तर नाही म्हणायचं आणि घरी जायचं.

घर बरकतपुऱ्यात. मी मराठी वाचायला शिकले ती शाळेत नाही. शाळा इंग्रजी, गल्ली अर्धी तेलुगू आणि अर्धी दख्खनी. मराठी शिकले ती बाबांच्या पत्रकांवर. बाबा बँकेत होते आणि कर्मचाऱ्यांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. मग बँक सुटली आणि पत्रकं राहिली. पाणी वेळेवर न सोडणाऱ्यांविरुद्ध, अंगारे देणाऱ्यांविरुद्ध, सोसायटीच्या अध्यक्षांविरुद्ध. मी घड्या घालायची आणि घालता घालता वाचायची. त्यामुळे माझ्या मराठीत अजूनही उद्गारचिन्हं जास्त पडतात. खोटं बोलणाऱ्याशी कसं लढायचं हे मला घरीच शिकवलं होतं. ज्याला खरंच दिसतंय त्याच्याशी कसं लढायचं, यावर मात्र आमच्याकडे पत्रक निघालेलं नव्हतं.

जेवताना मी सगळं सांगितलं. बाबांनी हात धुण्याआधीच मथळा ठरवला.

"विज्ञानातली बुवाबाजी बंद करा! खाली लाल अक्षरात: दर्शन नको, पुरावा द्या!"

"आणि ते वाटणार कुठे?" आईने विचारलं. आई शाळेत गणित शिकवते. "संस्थेच्या गेटवर? तिच्या हातून?"

"सत्याला गेट नसतं."

"संस्थेला असतं. वॉचमनही असतो. आधी मला कळू दे, भानगड काय आहे. तू मघाशी म्हणालीस ती फेज म्हणजे काय गं?"

मी बाहेर बोट दाखवलं. समोरच्या फंक्शन हॉलमध्ये कुणाचं तरी लग्न होतं आणि मर्फा वाजत होता. मर्फा म्हणजे आमच्याकडच्या वरातीपुढची ताशा-ढोलकांची पार्टी. तो वाजायला लागला की घरात एकमेकांशी ओरडून बोलावं लागतं.

"क्रिस्टलवर एक्स-रे मारले की मागच्या पट्टीवर हजारो ठिपके पडतात!" मी ओरडले. "एकेक ठिपका म्हणजे एकेक ताशा! कोण किती जोरात बडवतोय ते ठिपक्याच्या तेजावरून कळतं! पण त्याने ठोका कधी मारला, ते यंत्र नोंदवतच नाही! ती वेळ म्हणजे फेज! ती हरवलेली असते!"

"मग उरला नुसता गोंगाट!"

"हो!"

"मग तुम्ही काय करता?"

"नात्यातलं लग्न शोधतो! म्हणजे आपल्या प्रोटीनसारखं दिसणारं, आधीच माहीत असलेलं दुसरं प्रोटीन! त्याचे ठोके उसने घेतो आणि आपल्या जोरावर बसवतो!"

"आणि मग नवरदेव कुणासारखा दिसतो?" आईने विचारलं.

मर्फा नेमका तेव्हाच थांबला, आणि तिचा प्रश्न आमच्या स्वयंपाकघरात एकटाच मोठ्याने ऐकू आला. आई अशीच आहे. मला जे समजायला एक अख्खं वर्ष गेलं, ते तिने भात वाढता वाढता विचारलं.

कारण तिथेच तर सगळं आहे. उसन्या ठोक्यांबरोबर उसना चेहराही येतो. चित्र जोरावर कमी आणि ठोक्यांवर जास्त अवलंबून असतं, त्यामुळे तुम्ही आत जे ठेवाल, ते नकाशा तुम्हाला प्रेमाने परत करतो. म्हणून या कामात संख्याशास्त्र आणावं लागलं. प्रोग्रॅम आधी विचारतो: हे नात्यातलं मॉडेल खरं मानलं, असं असं फिरवून असं असं ठेवलं, तर आपल्याला मिळालेले ठिपके मिळण्याची शक्यता किती? हजारो ठिकाणी ठेवून बघतो आणि सगळ्यात शक्य ती जागा निवडतो. मग प्रत्येक उसन्या ठोक्याला विश्वासाचं वजन देतो. ज्यावर भरवसा कमी, त्याचा आवाज कमी. आणि शिवाय थोडे ठिपके पहिल्या दिवसापासून बाजूला झाकून ठेवलेले असतात. मॉडेल सुधारताना त्यांना कधी विचारायचं नाही. शेवटी त्यांच्यासमोर मॉडेल उभं करायचं. ज्यांच्याशी आधी कुणी बोललेलं नाही असे हे साक्षीदार. मला ही पद्धत इतकी आवडली होती की मी या विषयात आले ती तिच्यासाठी. जगात किती ठिकाणी माणसं स्वतःच्या मताविरुद्ध साक्षीदार आधीच राखून ठेवतात? आणि आमच्या प्रयोगशाळेत ते राखलेले होते, पण त्यांना कुणी बोलवत नव्हतं, कारण नकाशा फिका पडतो!

"मग समितीला हे सांग," आई म्हणाली.

"सांगितलं की ते म्हणणार, तुझे सर म्हणतात दिसतंय."

"मग दिसतं म्हण," आई म्हणाली, आणि बाबांनी पाण्याचं भांडं इतक्या जोरात ठेवलं की पाणी आईच्या ताटात उडालं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आईला अस्तराचं कापड घ्यायचं होतं म्हणून आम्ही सुलतान बाजारात गेलो, आणि कोठीकडे वळताना गर्दीत माझ्या डाव्या चपलेचा अंगठा निघाला. आईने बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढली, फुटपाथवर बसून खालून ओवली, आणि म्हणाली, "चल आता, नीट पाय टाक." सोमवारी कॉम्प्युटरच्या खोलीच्या दाराबाहेर मी ती चप्पल काढली. बाहेरच्या उन्हात पिन चमकली. मी तिच्याकडे बघत उभी राहिले, मग ती उचलून हातात घेऊन आत गेले. त्या खोलीत चप्पल आत नेणारी मी पहिलीच असेन.

"ये क्या?" जोडीदार म्हणाला.

"मॉडेल."

"कायका मॉडेल?"

"आपल्या प्रोटीनचं. आपल्या प्रोटीनचे ठिपके, आणि ठोके हिचे."

त्याने चपलेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हौले हो गए क्या तुम?"

हौला म्हणजे खुळा. मी खुळी झाले नव्हते, मी कागदावर चपलेची कड गिरवत होते. कडेने कार्बनचे अणू. तळव्याला अणूंची चटई. दोन पट्टे, अंगठा. थोड्या वेळाने तो माझ्या खांद्यावरून वाकून बघायला लागला आणि आणखी थोड्या वेळाने त्याने माऊस माझ्या हातातून काढून घेतला.

"एडी घिसी हुई है तुमारी. वो भी डालो. करना है तो इमानदारी से करना."

"पिन कशाची करू?"

"लोहे की. पिन क्या कार्बन की रहती?"

आम्ही पिन लोखंडाच्या अणूंची केली. झिजलेल्या टाचेतून अणू काढून टाकले. ज्या चौकटीच्या प्रती रचून क्रिस्टल बनतो तिला घर म्हणतात; आमच्या क्रिस्टलच्या एका घरात ती चप्पल नीट मावली, वजनं बंद ठेवली, अगदी सरांनी ठेवली होती तशीच, आणि नकाशा काढायला लावला.

चप्पल आली. मी वाढवलेल्या क्रिस्टलमधून, मी मारलेल्या एक्स-रेंमधून, ज्या ठिपक्यांनी आयुष्यात कधी चप्पल बघितली नव्हती त्यांच्यातून, निळ्या जाळीची चप्पल आली. टाच झिजलेली. अंगठ्याखाली पिन सगळ्यात जास्त चकाकत होती, कारण लोखंडाचा अणू जड. आणि एकटी नाही. क्रिस्टलमध्ये जे एक ठेवाल त्याच्या सममितीने प्रती होतात, त्यामुळे पडदाभर चपला होत्या, एकमेकींना पाठ लावून, उलट्यासुलट्या, देवळाबाहेर असतात तशा. सगळ्या डाव्या. प्रोटीनच्या क्रिस्टलमध्ये आरशासारखी सममिती नसते, फक्त फिरवलेली असते, आणि डावी चप्पल कितीही फिरवली तरी उजवी होत नाही.

जोडीदार बराच वेळ बघत राहिला. "दवा से अच्छी दिखरी," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात एका सकाळी समिती बसली. अध्यक्ष म्हणून एक वयोवृद्ध भौतिकशास्त्रज्ञ होते, कमी बोलणारे, आणि पुण्याहून आलेल्या संख्याशास्त्राच्या एक मॅडम होत्या. दोघांनी आपापल्या चपला बाहेर काढल्या. दिवे गेले, गॉगल लागले. मी आधी प्रोटीन दाखवलं. मग सरांचा नकाशा दाखवला, वजनांशिवाय, औषध आत ठेवलेला. सरांनी लाल ठिपका फिरवला. कडी. शेपूट.

"छान बसलंय," अध्यक्ष म्हणाले.

"हो, बऱ्यापैकी स्पष्ट आहे," मॅडम म्हणाल्या.

सरांनी अंधारात माझ्याकडे बघून मान डोलावली. मी तिथे थांबले असते तर झालंच होतं.

"आता त्याच ठिपक्यांतून, त्याच पद्धतीने काढलेला हा दुसरा नकाशा," मी म्हणाले आणि बटण दाबलं.

चपला संथपणे फिरत होत्या.

"ही टाच आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो सर."

"आणि हे चमकतंय ते?"

"सेफ्टी पिन."

"डावी आहे," मॅडम म्हणाल्या. "उजवी कुठंय?"

"उजवी असूच शकत नाही," सर सवयीने म्हणाले. "या क्रिस्टलमध्ये आरशाची सममिती नसते, त्यामुळे डाव्या चपलेपासून..." आणि मग त्यांना आपण काय समजावतोय ते उमगलं. त्यांनी गॉगल काढला. "ही चप्पल कुणाची आहे?"

"माझी, सर."

"समितीसमोर मला चप्पल दाखवतेस?"

"सर, मी पद्धत दाखवतेय. आपण जे आत ठेवतो तेच..."

"चप्पल!"

"तळवा आमच्याकडे आहे," अध्यक्षांनी निदर्शनास आणून दिलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं निरीक्षण होतं. मी घाईने नकाशा फिरवला. त्यांच्याकडचा तळवा वळला, पण सममितीने दुसऱ्या प्रतीचा तळवा मॅडमकडे आला. पुन्हा फिरवला, तर सरांकडे आला. कसंही फिरवलं तरी कुणाच्या ना कुणाच्या तोंडासमोर एक झिजलेली टाच येतच होती.

"मुली, तू कुठली?" मॅडमनी मराठीत विचारलं.

"इथलीच, मॅडम. बरकतपुरा."

"पुण्यात कुणाची अशी हिंमत झाली नसती."

"पुन्यात क्रिस्टल नै होंगे," मागून जोडीदार हळूच म्हणाला.

मग चर्चा सुरू झाली. मला वाटलं होतं, चर्चा वजनांवर होईल, झाकलेल्या ठिपक्यांवर होईल. मी तयारी करून आले होते, माझ्याकडे उत्तरं होती. चर्चा अशी झाली: इलेक्ट्रॉनांच्या घनतेतून तयार झालेली चप्पल दाखवणं हा गुरूचा अपमान होतो का? अध्यक्षांचं म्हणणं, चप्पल हातात धरून दाखवली तर होतो, पडद्यावर दाखवली तर हेतू बघावा लागेल. मॅडमचं म्हणणं, चप्पल कुणाच्या तरी दिशेने रोखलेली असावी लागते आणि ही तर सगळ्यांच्या दिशेने आहे. त्यावर अध्यक्ष म्हणाले, मग अपमान सगळ्यांचाच झाला का, आणि समितीचाच झाला असेल तर समितीने निर्णय देणं योग्य ठरेल का? मी उभी होते. माझी नोंदणी राहणार की जाणार ते या टाचेवर ठरणार होतं आणि औषधाचं नाव कुणी घेत नव्हतं. माझ्या डोक्यात मथळे फिरत होते, सगळे उद्गारचिन्हांचे, आणि त्यातला एकही उपयोगाचा नव्हता.

"मूळ मुद्दा," मी म्हणाले, आणि माझा आवाज नको तितका चढला, "मूळ मुद्दा हा आहे की सरांच्या नकाशात औषध जितकं आहे तितकीच यात चप्पल आहे!"

"माझ्या प्रोटीनमध्ये," सर उभे राहिले, "चप्पल नाही!"

"पण दिसतेय," अध्यक्ष शांतपणे म्हणाले. "मघाचं औषध दिसलं तशीच. माझ्या डोळ्यांना तर जास्त स्वच्छ."

सर पडद्याकडे वळले. त्यांनी त्या प्रोटीनवर माझ्या कितीतरी आधीपासून काम केलं होतं. त्यांच्या टेबलावर घरच्यांच्या फोटोशेजारी त्याचा फोटो होता. आता त्यांच्या डोळ्यांसमोर ते प्रोटीन बाटलं होतं.

"वजनं लावलेली नाहीत!" ते म्हणाले. "वजनं नाही लावली तर काहीही दिसतं! सरक, अम्मा."

मी सरकले. ते स्वतः खुर्चीवर बसले. इतक्या वर्षांच्या सवयीचा हात, भराभर चालला. त्यांनी प्रोग्रॅमला विचारलं की चपलेच्या एकेका ठोक्यावर किती विश्वास ठेवायचा. प्रोग्रॅमने वजनं दिली. नवा नकाशा आला, आणि पट्टे विरले. तळवा फाटला, मग गेला. पिन सगळ्यात शेवटपर्यंत टिकली, एका ठिपक्यासारखी, मग तीही मावळली. तेवढ्यावर सरांचं समाधान झालं नाही. त्यांनी झाकून ठेवलेले ठिपके काढले, ज्यांना त्या प्रयोगशाळेत कुणी कधी विचारलं नव्हतं, आणि त्यांच्यासमोर चपलेचं मॉडेल उभं केलं. मॉडेल त्यांच्याशी अजिबात जुळेना. अणू डोळे मिटून उधळले असते तरी इतपतच जुळले असते.

"झालं?" सर आमच्याकडे वळून म्हणाले. "चप्पल नाही!"

अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनीही वाजवल्या. जोडीदारानेही वाजवल्या, आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

"सर," मी म्हणाले, "आता हेच औषधाला लावा ना."

सरांचा हात माऊसवर होता. ते उठू शकले असते. वेळ झाली म्हणू शकले असते, समितीला चहाला नेऊ शकले असते, आणि मला वाटतं अध्यक्ष खुशीने गेले असते. पण त्यांनी नुकतंच, इतक्या रागाने आणि इतक्या सुंदर पद्धतीने, खरं काय ते कसं ओळखायचं ते सगळ्यांना दाखवलं होतं. ते पडद्याकडे बघत बसले. मग त्यांनी औषध उचलून बाहेर ठेवलं. खोबणी रिकामी केली, मॉडेलला त्याचा विसर पडावा म्हणून ते थोडं हलवून पुन्हा बसवलं, वजनं लावली, पातळी नेहमीच्या जागी आणली.

प्रोटीन आलं. फिकं वगैरे काही नव्हतं. कड अन् कड रेखीव होती. खोबणीत कडी नव्हती, शेपूट नव्हती. तीन छोटे गोल गोळे होते, एकमेकांपासून सुटे.

"पाणी," सर म्हणाले. एकेक गोळा म्हणजे पाण्याचा एकेक रेणू.

त्यांनी पातळी थोडी वर नेली. गोळे राहिले. आणखी वर नेली. राहिले. माझ्या लक्षात आलं की ते आता औषध शोधत नव्हते. ते त्या पाण्यांकडे बघत होते, ती कशाला धरून आहेत ते एकेक करून तपासत होते, आणि त्यांचे ओठ हलत होते.

दिवे लागल्यावर अध्यक्षांनी घसा साफ केला. "चप्पल अस्तित्वात नाही हे सिद्ध झालेलं आहे," ते म्हणाले. "त्यामुळे ती दाखवली गेली असं म्हणता येत नाही. त्यामुळे अपमान झालेला नाही." मॅडमनी मान डोलावली. "परंतु औषधही नाही. म्हणजे मुलीकडे दाखवायला काही नाही. नोंदणी पुढे कशाच्या आधारावर चालू ठेवायची?"

मी सरांकडे बघितलं. ते अजून पडद्याकडेच बघत होते.

"पाणी आहे की," ते म्हणाले.

"पाण्यावर पीएच.डी.?"

"औषध तिथे का बसत नाही, ते त्या पाण्यामुळे. तीन पाणी. जागा सोडत नाहीत. हे कुणालाच माहीत नव्हतं, मलाही." ते थांबले. "तिला राहू द्या. मी सही करतो."

"पाणी खात्रीचं आहे ना?" मॅडमनी विचारलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच एक खरा प्रश्न विचारला गेला.

"झाकलेल्या ठिपक्यांना विचारा," मी म्हणाले. त्यांनी खरंच विचारायला लावलं. खुर्ची ओढून पुढे आल्या आणि जेवणाची वेळ होईपर्यंत सरांना आणि मला सोडलं नाही.

त्यानंतर सर मला घेऊन वरच्या मजल्यावर गेले, औषध ज्यांनी बनवलं होतं त्यांच्याकडे. मला वाटलं होतं मलाच बोलायला लावतील. पण त्यांनी दारातूनच सांगितलं, तेलुगूत, एका शब्दात. "लेदु." नाही.

औषधवाले मुख्य गृहस्थ स्टुलावरून उठले. "नाही म्हणजे? मागच्या आठवड्यात तर होतं."

"नव्हतं. मला दिसत होतं."

"मग आता काय दिसतंय?"

"पाणी."

गृहस्थांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि या कोण?"

"माझी विद्यार्थिनी," सर म्हणाले. "हिला सांगा, औषधाची कुठली बाजू बदलता येईल. त्या तीन पाण्यांना हलवायचंय."

गृहस्थांनी नाखुशीने फळा पुसला, खडू घेतला आणि रेणूचं चित्र काढून शेपटीच्या टोकाला एक गोल केला. "इथे काही तरी लांब जोडू," ते म्हणाले. "मग नक्की बसेल."

"कशावरून?" मी विचारलं. त्यांनी सरांकडे बघितलं. सर उत्तर लिहून घ्यायला खिशातून पेन काढत होते.